आधी ताई, मग मी

स्वतःच्या आतड्याचा फोटो बघून त्यातला पदार्थ ओळखणारी बाई जगात मी एकटीच असेन. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "हे पिवळे पिवळे ठिपके दिसतात ना, हे काय असेल?" मी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि पटकन बोलून गेले, "टोमॅटोच्या बिया. आणि कडेला ते फुगलेलं दिसतंय ना, ती बार्ली." बोलले आणि जीभ चावली.

"तुम्ही तर सांगितलं होतंत, तीन दिवसांत बिया असलेलं काही पोटात गेलं नाही म्हणून. आणि काल तर दिवसभर फक्त पाणी आणि गाळलेला रस."

"नाहीच गेलं! मी खोटं कशाला बोलू?"

"मग या बिया काय चालत आल्या?" डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण बोलायला तिखट. "आत एवढा कचरा असताना मला भिंती दिसत नाहीत. नळी अर्ध्यावरून बाहेर काढावी लागली. तपासणी झालीच नाही असं धरा. पुन्हा यावं लागेल."

मी चांगली भांडले असते. पण मागून उघडा झगा अंगात असला की माणसाचा आवाज चढत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि भांडायचं तरी कुणाशी? त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचं स्वयंपाकघर मी चालवते. बावीस वर्षं झाली. दुर्बिणीच्या तपासणीच्या आदल्या दिवशी उशीखाली बिस्किटं लपवणारे पेशंट मी स्वतः पकडलेत. बाह्या सरसावून वर गेले आहे आणि भर वॉर्डात त्यांची खरडपट्टी काढली आहे. "एक दिवस तोंड बंद ठेवता येत नाही का हो?" असं मी एका रिटायर्ड हेडमास्तरांना विचारलं होतं. ते बिचारे रडकुंडीला आले होते. आता माझीच बातमी लिफ्टने माझ्या आधी खाली पोचली होती.

पण लाज काय, दोन दिवसांत जाते. माझ्या काळजाचं पाणी झालं ते भावामुळे.

आम्ही तीन भावंडं. अक्का सगळ्यांत मोठी, मग मी, मग भाऊ. अक्का दोन वर्षांपूर्वी गेली, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं, पंचावन्नाव्या वर्षी. पोट बिघडलंय, पोट बिघडलंय म्हणत तिनं दीड वर्ष अंगावर काढलं होतं. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, हा आजार घरात फिरतो, तुम्ही दोघंही आतून तपासून घ्या. अक्कानंही आमचे हात धरून तेच सांगितलं. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर दोघांनी तो विषय काढायचा नाही असं न बोलता ठरवलं.

भाऊ बंदरावर क्रेन चालवतो. सहा फूट उंच, दार अडवेल असा देह, आणि इंजेक्शनची सुई पाहिली की खाली बसतो. चार महिन्यांपूर्वी तो माझ्याकडे आला. पंख्याकडे बघत म्हणाला, "ताई, मला कधी कधी रक्त दिसतं गं. मूळव्याध असेल."

अक्काही हेच म्हणाली होती. हेच, याच शब्दांत.

"उद्या चल," मी म्हटलं.

"तू केलीस का?"

"मला काही होत नाहीये."

"मोठी तू. आधी तू करून घे, मग मी. तू केली नाहीस तर मला सांगायला येऊ नकोस." आणि उठून गेला. माझ्या भावाला मी चांगली ओळखते. त्याला खात्री होती की ताई काही जन्मात ती नळी घालून घेणार नाही, म्हणजे तो सुटला. मी पुष्कळ समजावलं, रडले, शिव्या घातल्या, बोलणं टाकलं. त्याचं एकच: आधी ताई, मग मी. शेवटी डोक्यात राख घालून मी वर गेले आणि तारीख घेतली. तिचं हे असं झालं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "काय झालं गं?"

"झाली नाही नीट. पुन्हा करायचीय."

"बघ! मी म्हणत नव्हतो?" त्याच्या आवाजातला आनंद ऐकून मला त्याला फोनमधून ओढून दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. "जाऊ दे आता, ताई. संपला विषय."

"संपला कसा? तीन आठवड्यांनी पुढची तारीख आहे," मी म्हटलं आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या गडबडीत दुर्बीण विभागाच्या सिस्टर खाली उतरल्या. सगळं हॉस्पिटल त्यांना 'फौजदार' म्हणतं. त्या दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"काही हवंय का सिस्टर?"

"काही नको. तुमचं चालू द्या."

आमच्या स्वयंपाकघराचा एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. मुख्य बाईनं चव घेतल्याशिवाय एकही पातेलं वर जात नाही. मी चव घ्यायची, भिंतीवरच्या फळ्यावर त्या पातेल्यापुढे खडूची खूण करायची, मग गाडी लिफ्टकडे. दुपारची बारा पातेली, रात्रीची बारा. या नियमामुळे बावीस वर्षांत एकदाही खारट सूप किंवा कच्चा भात वर गेलेला नाही, आणि हे मी कुणालाही छाती पुढे काढून सांगते.

तर मी पातेली बघत होते, चिमणीला ओरडत होते, फळ्यावर खुणा करत होते. चिमणी म्हणजे माझ्या हाताखालची. अंगानं एवढीशी, पण कामाला चटपटीत. सातव्या की आठव्या पातेल्याशी सिस्टर म्हणाल्या, "थांबा. आत्ता काय केलंत?"

"काय केलं? झाकण उघडलं."

"चमचा कुठे आहे?"

चमचा माझ्या तोंडात होता.

मी तो बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मला आठवतच नव्हतं. देवाशप्पथ सांगते, तो चमचा तोंडात कधी गेला हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं हात आपला आपण जात होता, त्यानं मला कधी विचारलंच नव्हतं.

"दोन वेळचे चोवीस चमचे," फौजदार म्हणाल्या. "चांगला मोठा वाडगा होतो, बाई. तपासणीच्या आदल्या दिवशीही कामावर होतात ना?"

"होते."

"उपाशी होतात म्हणे."

चिमणी तोंडावर फडकं धरून हसत होती. तिला मी बटाटे सोलायला पिटाळलं.

सिस्टरांनी जाता जाता उपाय सांगितला. आता तारखेच्या आधी कामावर याल तेव्हा तोंडाला मास्क लावा. पांढरा. म्हणजे तुमचं तुम्हाला कळेल. मला वाटलं, एकदा समजलं ना, मग मास्क कशाला? पण भावाचा तो 'संपला विषय' कानात होता. तारखेच्या तीन दिवस आधी मी पांढरा मास्क बांधून कामाला लागले आणि मनाशी म्हटलं, आज काय बिशाद आहे चमच्याची.

दुपारी सगळ्या गाड्या वर गेल्यावर मास्क काढून पाहिला. त्यावर नऊ डाग होते. लाल, पिवळे, एक पालकाचा हिरवा. नऊ वेळा चमचा येऊन मास्कवर आपटला होता आणि त्यातल्या दोनच वेळा मला जाणवलं होतं. मी स्टुलावर बसले. हसू आलं नाही, भीती वाटली. अशीच गेले तर पुन्हा बिया निघणार, पुन्हा नळी अर्ध्यावरून बाहेर, आणि तिकडे भाऊ क्रेनवर बसून रक्त अंगावर काढणार. एका चमच्यापायी.

मी उठले, चिमणीला हाक मारली आणि खडू तिच्या हातात दिला.

"तीन दिवस तू चव घ्यायची. तूच खूण करायची."

"मी?" तिचे डोळे एवढे झाले. "बाई, मला नाही जमायचं."

"जमेल. मीठ कमी वाटलं तर घाल, जास्त वाटलं तर मला फोन करू नकोस, मी येणार नाही."

घरी गेले, पण जीव त्या फळ्यापाशीच राहिला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशिवाय पातेली वर जाणार होती. आमच्या ह्यांनी दार उघडलं, चेहरा पाहिला आणि विचारलं, "कोण गेलं?"

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. बोलणं कमी, आणि जे बोलतात ते मिनिटाच्या हिशेबानं. तीन दिवस स्वयंपाक त्यांनी करायचा, मी ओट्याजवळ फिरकायचं नाही, असं ठरलं. पांढरा भात, उकडलेला बटाटा, अंडं, कडा काढलेला पाव. बिया नाहीत, साली नाहीत, कोंडा नाही. ह्यांनी अंडं बरोबर आठ मिनिटं उकडलं, बटाटा बरोबर वीस मिनिटं, आणि दोन्हीला मीठ घालायला विसरले. मी मूग गिळून बसले. माझी मुलगी परगावाहून फोनवर म्हणाली, "आई, तू गप्प आहेस? बाबा, हिला खरंच बरं नाही का?"

आदल्या दिवशी नुसतं पातळ. पाणी, काळा चहा, सफरचंदाचा गाळलेला रस, गाळलेलं सूप. ते सूप मी आमच्याच स्वयंपाकघरातून मागवलं होतं. म्हटलं, बावीस वर्षं लोकांना पाजलं, आज आपण पिऊ. ह्यांनी डबा आणला. मी कप भरला, एक घोट घेतला आणि फोन उचलला.

"चिमणे! हे काय आहे?"

"गाळलेलं सूप, बाई."

"हे सूप आहे? भांडी विसळलेलं पाणी आहे हे! मीठ कुठाय? वास कुठाय? चव घेतलीस का तू?"

पलीकडून बारीक आवाज आला, "बाई, त्या पातेल्याची चव आपण कधीच घेत नाही. तुम्हीच म्हणता, त्यात काय बघायचंय, नुसतं पाणीच तर आहे. फळ्यावर त्याचं नावसुद्धा नाही."

मी फोन ठेवला. तिचं म्हणणं खरं होतं. तेरावं पातेलं. ते मी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. ज्या माणसाला दिवसभरात दुसरं काहीच मिळणार नाही, जो घाबरून अर्धा झालेला आहे, त्याला मी बावीस वर्षं हे पाजत होते, आणि वर त्याच्या उशीखालची बिस्किटं जप्त करत होते. त्या हेडमास्तरांची मला इतकी दया आली की विचारू नका. मी पुन्हा फोन लावला. "चिमणे, उद्यापासून त्यात गाजर घाल, कांदा घाल, सेलरीचे देठ घाल, तासभर उकळ, दोनदा गाळ. मीठ घाल. आणि फळ्यावर नाव लिही." मग मी तो कप डोळे मिटून संपवला. म्हटलं, भोगा.

संध्याकाळी सहाला औषध. भली मोठी पुडी, एक लिटर पाण्यात कालवायची, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. ह्यांनी टेबलावर तीन घड्याळं मांडली. मी म्हटलं, "अहो, एक पुरे की." ते म्हणाले, "एक बंद पडलं तर?"

पहिला ग्लास प्यायले. खारट, गोडूस, आणि मागून कुठून तरी लिंबाचा खोटा वास. बाई गं, बाई. ज्यानं हे बनवलं त्यानं कधी चव घेतली नसणार. दुसरा ग्लास नाक दाबून. तिसऱ्याला अंगावर काटा आला आणि सगळं वर येतंय असं वाटलं. ह्यांनी न बोलता बर्फात ठेवलेला रस पुढे केला. एक घोट त्याचा, एक घोट औषधाचा, असं करत करत चौथा गेला. सव्वासात वाजता पोटात गोळा आला आणि मी जी पळाले, ती पुढचे दोन तास त्या खोलीतच होते म्हणा ना.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. भाऊ आला होता. हातात पिशवी, पिशवीत गरम गरम तळलेले बटाटे. वास आत बाथरूमपर्यंत आला.

"भाऊजी, कशी आहे ती?" त्याचा आवाज.

"आत आहे. एकोणीस मिनिटं झाली."

मी आतूनच ओरडले, "ती पिशवी घेऊन आधी बाहेर जा!"

पिशवी बाहेर गेली असावी, कारण वास कमी झाला. मग स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि माझा भाऊ बाथरूमच्या दाराबाहेर बसला.

"ताई, उगाच कशाला जिवाचे हाल करून घेतेस? अजून वेळ गेलेली नाही. सोड."

"का रे? मी सोडलं की तू सुटलास, असंच ना?"

मी आत कपाळाचा घाम पुसत होते, पोट पिळवटत होतं, अब्रूचं तर नावच घेऊ नका. पण एक खरं, तोंड दिसत नसलं की माणूस बोलतो. बऱ्याच वेळानं दारापलीकडून आवाज आला आणि तो माझ्या सहा फुटी भावाचा वाटला नाही.

"ताई, मी खूप घाबरलोय गं. नळीला नाही. ते सांगतील त्याला. अक्काला सांगितलं तेव्हा मी तिच्या शेजारी बसलो होतो. तिनं फक्त 'बरं' म्हटलं आणि पर्स बंद केली. मला ते सारखं दिसतं. मला नाही ते 'बरं' म्हणता येणार."

मला रडू फुटलं. तिथं बसून, त्या अवस्थेत. "अरे वेड्या," मी म्हटलं, "मीसुद्धा तितकीच घाबरले आहे. मला काय हौस आली आहे का? पण अक्का गेली ती नळीनं नाही गेली. ती उशिरानं गेली. तू माझा एकच भाऊ आहेस. मला तू हवायस. बस्स."

बाहेर नाक ओढल्याचा आवाज आला.

"आज रक्त दिसलं का?"

"...हो."

"मग उद्या माझ्याबरोबर चल. मी आत जाईन, तू बाहेर बस. माझं झालं की तिथंच तुझी तारीख घ्यायची. शब्द दिलायस तू मला."

"तुझं झालं तर," तो म्हणाला. हट्टी तो हट्टीच.

"होणार! भिंती चकचकीत करून जाणार आहे मी. अहो, दुसरी पुडी किती वाजता घ्यायची?"

पहाटे पाचला दुसरी पुडी. या वेळी कुणाला मला आग्रह करावा लागला नाही. ह्यांचं घड्याळ वाजायच्या आधी माझा ग्लास रिकामा असायचा. सहाच्या सुमाराला नुसतं पिवळसर पाणी यायला लागलं, स्वच्छ, आरपार दिसणारं. सिस्टरांनी सांगितलं होतं तस्सं. मी बाहेर येऊन ह्यांना ते असं काही सांगितलं की जणू माझा पहिला नंबर आला होता. ते म्हणाले, "छान. आता काही प्यायचं नाही."

हॉस्पिटलच्या पुढच्या दारानं मी एरवी कधी जात नाही, मागच्या बाजूला आमचं सामानाचं दार आहे. त्या दिवशी पुढून गेले. डाव्या बाजूला हे, उजव्या बाजूला भाऊ. भावाचा चेहरा असा, की पेशंट कोण हे विचारावं लागलं असतं. फौजदार सिस्टरांनी खरंच त्यालाच खुर्ची दिली.

आत मला डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. हातात सुई गेली. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "गुंगी थोडीच द्या. मला बघायचंय."

"कशाला? झोपा ना निवांत."

"माझं काम आहे ते. मी नाही बघणार तर कोण बघणार?"

त्या हसल्या आणि पडदा थोडा माझ्याकडे फिरवला. मग पोटात हवा भरल्यासारखं झालं, एका वळणावर जोरात कळ आली, आणि मी सिस्टरांचा हात असा आवळला की त्या म्हणाल्या, "बाई, याच हातानं मला दिवसभर काम करायचंय." मी श्वास सोडला. कळ गेली. आणि मला दिसलं.

गुलाबी. ओलं, गुलाबी, चमकणारं, एकामागून एक वळण. एक कण नाही. एक बी नाही. घासून, विसळून, पुसून ठेवलेलं. डॉक्टरीणबाई स्वतःशीच पुटपुटल्या, "सुंदर तयारी." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात मला पुष्कळांनी शाबासकी दिली आहे, सूपाला, केकला, तीनशे माणसांच्या जेवणाला. पण अशी कुठलीच लागली नव्हती.

परत येताना नळी एका जागी थांबली. भिंतीवर एक छोटा मोड होता, वाटाण्याएवढा.

"हे काय?" मी विचारलं. जीभ जड झाली होती.

"हेच शोधायला आलो होतो. घाबरू नका, लहान आहे." नळीतून एक बारीक तारेचा फास बाहेर आला, मोडाच्या मुळाशी बसला, आवळला, आणि तो मोड सुटून आला. काही म्हणजे काही दुखलं नाही. "गेला. कचरा असता तर दिसलाही नसता."

मी म्हटलं, "दाखवा परत एकदा." त्यांनी ती मोकळी झालेली जागा दाखवली. मी तिच्याकडे बघून, देवा रे, खुदकन हसले. मग झोप लागली असावी.

जागी झाले तर पडद्याआड होते आणि पोटात भरलेली हवा सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे मोकळी करत होते. बिनदिक्कत, मोठ्यानं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी दाद दिल्यासारखं उत्तर दिलं. भाऊ पायथ्याशी उभा होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. पूर्ण. एक निघाला, कापून टाकला. मी बघितला." मी उठून बसले. झगा मागून उघडा होता, उघडा तर उघडा. "आता मग तू."

तो खांदे पाडून फौजदार सिस्टरांकडे गेला आणि म्हणाला, "मला तारीख द्या." सिस्टरांनी कुठलीही चौकशी न करता बारा दिवसांनंतरची दिली. त्या सगळं ऐकून होत्या, मला खात्री आहे.

भावाची तयारी मी माझ्या घरी करून घेतली. क्रेन बंद, पिशव्या बंद, तळलेले बटाटे बंद. डोळ्यांत तेल घालून बसले होते त्याच्यावर. आदल्या दिवशी गाळलेलं सूप आमच्याकडून आलं. ते पिऊन तो म्हणाला, "हे तर चांगलं लागतंय की!" आणि दुसऱ्यांदा मागितलं. सुई टोचताना तो माझ्याकडे तोंड करून पडला होता. मी दारापर्यंत त्याचा हात धरून गेले आणि दार लागल्यावर बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. ह्यांनी घड्याळ बघून सांगितलं, चाळीस मिनिटं. माझी वीस मिनिटांत झाली होती. पन्नास मिनिटं झाली. मी ह्यांना म्हटलं, "आता वेळ सांगू नका."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दोन गाठी निघाल्या होत्या. एक लहान, एक द्राक्षाएवढी, तीच रक्त देत होती. दोन्ही काढल्या, प्रयोगशाळेत पाठवल्या. "मोठीचं काय आहे ते अहवाल आल्यावरच कळेल," त्या म्हणाल्या. त्यांनी दिलासा दिला नाही, मीही मागितला नाही.

नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. भाऊ रोज कामावरून येऊन आमच्याकडे नुसता बसायचा. दहाव्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. त्याचे गुडघे टेबलाला लागत होते. त्यांनी कागद उघडला. भावानं माझा हात पकडला. त्याचं तोंड 'बरं' म्हणायला तयार झालेलं मला दिसलं.

"तुमच्या बहिणीचा मोड साधा होता," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्या मोठ्या गाठीच्या पेशी बदलायला लागल्या होत्या. कॅन्सरच्या वाटेवर होत्या. पण अजून कॅन्सर झालेला नाही. मुळापर्यंत गेलेलं काही नाही. सगळी निघाली आहे. वर्षभरानं पुन्हा बघू. आणखी वर्षभर थांबला असतात ना, तर आज मी तुम्हाला वेगळंच काही सांगत असते."

"म्हणजे मी..." भावानं सुरुवात केली. "म्हणजे मला तो नाही?"

"नाही."

"नाही?"

"नाही म्हणते ना मी."

खोलीतून बाहेर आलो तोवर तो ठीक होता. बाहेरच्या हॉलमध्ये आल्यावर त्यानं मला कमरेला धरून उचललं, एवढ्या माणसांसमोर, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून हमसून हमसून रडायला लागला. माझाही बांध फुटला. माझे पाय जमिनीपासून वीतभर वर, आणि आम्ही दोघं गळ्यात गळा घालून रडतोय.

हॉल भरलेला होता. हातात कागद धरून, तोंडं उतरवून बसलेली माणसं. सगळे आमच्याकडे बघायला लागले, आणि त्यांच्या नजरा मला कळल्या. समोरच्या बाईनं तर हळहळून तोंडावर हात ठेवला. अक्काच्या वेळी लोक आमच्याकडे असेच बघत होते.

"खाली ठेव मला," मी भावाला म्हटलं. त्यानं ठेवलं. मी डोळे पुसले, त्या सगळ्यांकडे तोंड केलं, आणि तीनशे माणसांच्या स्वयंपाकघरात लावते तो आवाज लावला.

"अहो, रडतोय ते आनंदानं! काही झालेलं नाही! माझ्या भावाला काही झालेलं नाही!"